परत विचारलं नाही तर

चर्रकन सँडलचा पट्टा उघडला आणि दुपारच्या शांततेत ऋता दचकली. कात्रप भागातल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात तिची ज्युनिअर केजीतली लेक, मुक्ता, बाहेर जायचा फ्रॉक घालून बसली होती.

"आई, गार्डनला जायचं ना?"

"हो गं चिमणे, एवढं संपवते नि निघूच."

प्रोग्रामर लोकांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ऋता घरूनच सांभाळायची. सकाळी नवीन अपडेट आलं होतं. त्याने जुना बग घालवला खरा, पण येताना चार नवे सोबत आणले होते. तक्रारी काही संपेनात.

बऱ्याच वेळाने मुक्ता गुपचूप येऊन तिच्या मांडीवर बसली. गार्डनचं नावही काढलं नाही. ऋताला अगदी हायसं वाटलं. किती शहाणी आहे माझी बाय! तिने लेकीचा पापा घेतला आणि दुसऱ्या हाताने स्क्रीनवरची एक लाल ओळ हिरवी केली.

"हे काय केलंस?"

"या काकांची तक्रार बंद केली."

"त्यांचं नीट झालं?"

"झालंच असणार. त्यांनी परत विचारलं नाही ना! परत विचारलं नाही की झालं असं धरायचं. आमच्याकडे तसाच नियम आहे."

मुक्ता त्या हिरव्या ओळीकडे बघत राहिली.



"आई, मी पण परत विचारलं नाही. मग मी गार्डनला जाऊन आले का?"