टेम्पोतली जागा

महिलांच्या चार टप्प्यांच्या सायकल शर्यतीत दोन टप्पे संपले, तेव्हा सुलक्षणा एकेचाळिसावी होती. स्पर्धक एकेचाळीसच होत्या. थकलेल्यांना उचलायला मागून येणारा टेम्पो तिचे सासरे ज्ञानूआबा चालवत. त्यात बसली की स्पर्धक बाद.

"उद्या पाबे घाटात सूनबाई माज्या टेम्पोत," कापूरहोळच्या हॉटेलात चहा पिताना आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी निम्म्या घाटात सुलक्षणानं पाय टेकला.

"आबा, बसते आता."

आबांनी काच खाली केली. शेजारच्या सीटवर तांदळाचं पोतं होतं.

"जागा कुटं हाय? तुज्या नणंदेचा तांदूळ हाय, भोंगवलीला पोचवायचाय."

"आजच आणायचा होता? मी बसणार म्हणून काल तुम्हीच सांगत होता ना?"

"माजा अंदाज कवा खरा ठरलाय?"

सुलक्षणा रागानंच सायकलवर बसली आणि पायडल मारू लागली.

दोन वळणं पुढं सतरा नंबरची मुलगी रस्त्याकडेला बसून होती. आबांनी पोतं उचलून मागच्या रिकाम्या हौद्यात टाकलं आणि तिच्यासाठी सीट पुसली.