ठावठिकाणा

कुलूप कितीही पक्कं असलं तरी माणूस कुठंतरी बोलून जातोच, हे भागवत पुण्याच्या कंपनीत सायबर सुरक्षा शिकवताना सगळ्यांना सांगायचा. त्याआधीची वीस वर्षं त्यानं फौजेच्या सिग्नल विभागात काढली होती. आज तो सोनाळ्याला, घरच्या ओट्यावर वडिलांसमोर, आबांसमोर बसला होता. आबा वर्षभरापासून कोणालाच ओळखत नव्हते.

काही आठवतं का पाहावं, म्हणून त्यानं विचारलं, "आबा, तुमचा पोरगा कुठी राह्यते?"

आबांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "तुले काऊन पाह्यजे बे?"

"असंच, सहज."

"नाई सांगत. तो कुठी हाये हे कोणाले सांगाचं नाई, असं बजावून गेला तो."

भागवतनं बजावलं होतं खरं. पहिल्यांदा सीमेवर निघताना, याच ओट्यावर.

त्याचे चकचकीत बूट पाहून आबा जरा जवळ सरकले. "तू फौजेतलाच दिसतं. त्याले भेटला तं सांगजो, बाप कोणाजवळ एक शब्द बोलला नाई."

मग हळूच म्हणाले, "आता घरी ये म्हणा."