स्टोयना आजीची गाडी

ल्युबेनने मागची सीट पाडली, तशी ती सपाट झाली. बाबागाडी, किराणा, वर मिरच्यांची दोन पोती, सगळं मावलं असतं. सीटखाली खण, दारात बाटलीला जागा, पिशव्या अडकवायला आकडे. बाहेरून गाडी एवढीशी, आत मात्र सगळा संसार बसेल. बरोबर आणलेली बाळाची खुर्ची त्याने लावून पाहिली. ती चपखल बसली.

चेहऱ्यावर त्याने काही दिसू दिलं नाही. गाडी फारच जुनी आहे, म्हणाला.

"मीही जुनीच आहे," स्टोयना आजी म्हणाली. "म्हणून काय मला कोणी फुकट नेतं?"

आजीने गावच्या सहकारी शेतीवर उभा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. या गाडीलाही तिने दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता, हे तिने दोनदा ऐकवलं. गाडी तिच्या मुलाची, आसेनची. तो आता नव्हता. त्याचा फोटो आणि मृत्यूची बातमी छापलेला कागद फाटकावर डकवलेला होता. पावसाने त्यावरची अक्षरं उडाली होती. देव त्याला क्षमा करो, असं मेलेल्या माणसासाठी म्हणतात तेवढं म्हणून ल्युबेनने विषय बदलला. दुःखाच्या गोष्टी निघाल्या की भाव पाडता येत नाही, हे तो जाणून होता.

त्याला गाडी हवीच होती. एलित्साचे दिवस भरत आले होते आणि तान्ह्या पोराला घेऊन बसमध्ये लोंबकळायची तिची तयारी नव्हती. आधीची व्हॅन त्याने तीन वर्षांपूर्वी घाईघाईने मोडीत काढली होती. इंजिन गेलं, असं बायकोला सांगितलं होतं. आज सकाळी तो निघाला तेव्हा तिने जिन्यावर त्याच्या पाठीमागे पेलाभर पाणी ओतलं, वाट पाण्यासारखी सुरळीत जावी म्हणून. गाडीशिवाय आलास तर दार उघडणार नाही, असंही वर सुनावलं.

मग डोंगर चढणारी बस. घाटातल्या मोठ्या वळणावर एक दगडी पाणपोई दिसली, आणि ल्युबेनने डोळे मिटून घेतले. दरी बघवत नाही, असं त्याने शेजारच्या बाईला सांगितलं.

गाव जवळजवळ रिकामं होतं. समोरच्या घराच्या उंबऱ्याशी खापऱ्या पडल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्याला गेल्या आठवड्यात नेलं, आजी म्हणाली. प्रेत दाराबाहेर पडलं की मागे मडकं फोडायचं, म्हणजे मरण त्या घरी परत फिरकत नाही. खापऱ्या उचलायलाही आता तिथे कोणी उरलं नव्हतं.

ल्युबेनला ते ऐकून बरंच वाटलं. म्हातारी एकटी, आणि गिऱ्हाईकही तो एकटाच. त्याने किंमत निम्म्यावर आणली.

"निम्म्यात तर मी तुला चाकंही देणार नाही," आजी म्हणाली.

त्याने गावातून एक चक्कर मारली. गाडी कुरकुरली नाही, ब्रेक पाय ठेवताच लागले. परत आला तेव्हा आजीने ओट्यावर कॉफी, चेरीचा मुरंबा आणि गार पाणी मांडलं होतं. या बाजूला आधी कधी आला होतास का, असं तिने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावं तसं त्यालाही विचारलं. पहिल्यांदाच आलो, तो म्हणाला. मग म्हातारीला जरा खूश करावं म्हणून त्याने पाण्याची तारीफ केली.

"घाटातल्या पाणपोईचं आहे. मी तिथूनच भरून आणते."

"छान बांधलीय. आधी तिथे नुसता लोखंडी कठडा होता."

आजीच्या हातातली मुरंब्याची वाटी हातातच राहिली. अंगणात कोंबड्या टोचत फिरत होत्या.

"होता खरा," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने तिने वाटी खाली ठेवली. "बरं. तू म्हणतोस तेवढ्यालाच ने."

ल्युबेनने हसू दाबलं. कागदपत्रं सोमवारी शहरात करू, असं ठरलं. त्याने दिलेले पैसे तिने न मोजताच एप्रनच्या खिशात टाकले. मुलाच्या वस्तू काढून घेते म्हणून ती गाडी शेडमध्ये घेऊन गेली. तिला बराच वेळ लागला. पोराच्या आठवणीत रमली असेल, असं म्हणत ल्युबेनने मुरंब्याची वाटी चाटूनपुसून संपवली. आजी हात चिंधीला पुसत बाहेर आली.

"वाटेत कोणाला घ्यायचंय?"

"नाही, सरळ घरी."

"म्हणजे घाटात एकटाच."

"एकटाच."

तो गाडीत बसल्यावर ती खिडकीशी वाकली.

"ती पाणपोई माझ्या आसेनच्या नावाची आहे. त्या दिवशी मी या गाडीचे ब्रेक दुरुस्तीला उघडून ठेवले होते, म्हणून पोरगा पायी निघाला. त्या वळणावर कोणीतरी त्याला उडवलं आणि थांबलं नाही. पहाटेपर्यंत जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले."

 ल्युबेनने तीन वर्षं कानाआड केलेला तो आवाज परत आला. कठड्यावर कोणीतरी आपटल्याचा.

"तुला काही सांगायचंय, बाळा?"

सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. आजी वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. मग त्याला एलित्सा आठवली, येणारं बाळ आठवलं, तुरुंगही आठवला.

"नाही, आजी. उजेड आहे तोवर घाट उतरतो."

"उतर," आजी म्हणाली आणि खिडकीपासून बाजूला झाली.

गाडी फाटकाबाहेर पडून उताराला लागली. सुटलो, असं वाटून त्याने श्वास सोडला. आरशात पाहिलं, तर आजी दोन्ही हातांनी मातीचं मडकं धरून उंबऱ्यावर उभी होती. त्याच्या पाठीमागे वाटेवर पाणी ओतायला आली होती बिचारी. त्याचे डोळे भरून आले.

आजीने ते कोरडं मडकं डोक्यावर उचललं आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटून फोडलं.