बुटांतलं नाव

उएनोच्या बागेत चेरी ऐन बहरात होती. सुनेनं निळी ताडपत्री अंथरली आणि डबे उघडले. नेहमीप्रमाणे कडेला बूट काढायला सेत्सुआजी वाकली, ती वाकलेलीच राहिली. बुटांच्या आत काळ्या शाईनं तिचं नाव लिहिलेलं होतं. सकाळी लेकानंच ते पायांत चढवले होते, म्हणून दिसलं नव्हतं. शेजारची फुमी वृद्धाश्रमात गेली, तेव्हा तिच्याही बुटांत असंच नाव आलं होतं. "तरीच आज डब्यात कोळंबी," आजी म्हणाली. "कधी जायचंय?" "इथूनच, आई. जेवण झालं की." लेक फुलांकडे बघत होता. तिनं अक्षरांवरून अंगठा फिरवला. बालवाडीच्या पहिल्या दिवशी त्याच्या बुटांत तिनंच नाव घातलं होतं. फाटकाशी तिची बाही धरून तो एकच विचारत राहिला होता. तिनं बूट जुळवून ठेवले आणि तेच विचारलं. "संध्याकाळी न्यायला येशील ना?"