सात दसऱ्यांचे नाडे

इंदूरच्या तलावावरल्या त्या मोटरबोटीत बॅटरी एक होती, पेट्रोलची पत्र्याची टाकी एक, बॅटरी आवळणारा पट्टा एकही नाही, आणि बॅटरीला बांधलेले सात दसऱ्यांच्या पूजेचे सात लाल नाडे. तपासणीला आलेल्या अनुश्रीने ताण मोजायचा काटा अडकवून बॅटरी ओढली, तर ती नाड्यांसकट सरकत थेट टाकीला जाऊन टेकली.

"मॅडमजी, सात साल झाले, काही नाही झालं," बोटमालक धनेश भिया म्हणाला. "तिकडे शाळेची मुलं खडी आहेत. बारा प्रवासी लिहा, सही करा."

"आधी पट्टा लावा."

"तुमच्या साहेबांना फोन लावू? त्यांनी तर कधी वाकून पण नाही पाहिलं. तुमची नोकरी अजून पक्की नाहीये ना?"

"लावा. स्पीकरवर लावा."

साहेबांचा आवाज आला, "अनुश्री, बहस नको. फॉर्म भर, सही कर आणि ये."

"हो सर."

धनेशने हसत स्वतःचं पेन पुढे केलं. तिने आकडा लिहिला, सही केली आणि फॉर्म त्याच्या हातात दिला.


प्रवासी क्षमता : शून्य.