तिच्या बाजूचा साक्षीदार

"तिच्या बाजूनं कोण?" दरेकर वकिलांनी चष्म्यावरून बघत विचारलं, आणि पंकजानं पुन्हा भावाला फोन लावला. सुनीलचा फोन बंदच.

श्रीगोंद्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली वकिलांचं टेबल होतं. नवरा-बायकोनं वेगळं राहण्याचा करारनामा त्यांनी मघाशीच मोठ्यानं वाचून दाखवला होता. दोघांच्या सह्या झाल्या होत्या. नवऱ्याच्या, म्हणजे हनुमंताच्या बाजूनं त्याच्या चुलतभावानं सही ठोकून तंबाखू मळायला घेतली होती. तिच्या बाजूच्या साक्षीदाराची जागा तेवढी कोरी. ती भरल्याशिवाय वकील नोटरीचा शिक्का मारणार नव्हते, आणि शिक्क्याशिवाय तो कागद म्हणजे रद्दी.

तसा हनुमंत आज फार गोड वागत होता. सगळ्यांना चहा पाजला. पंकजाचा कप तर स्वतः आणून तिच्यापुढं ठेवला, बशीत थेंबही सांडू न देता. तिनं कपाला हात लावला नाही. हा माणूस आवाज चढवायचा तेव्हा तिला एवढी भीती वाटत नसे. तो मऊ बोलायला लागला, की ती आधी घरातली विळी, लाटणं, मुसळ, जे दिसेल ते उचलून लपवून ठेवायची.

"सुनील न्हाई यायचा," हनुमंत म्हणाला. "काल बोललोय मी त्याच्याशी." मग फुंकर घालून एक घोट घेतला. "न्हाई मिळाला साक्षीदार तर राहू द्या वकीलसाहेब. जीपमधी जागा हाय. जाऊ समदी घरी."

घरी. मागं ती पळून केडगावला मैत्रिणीच्या खोलीवर राहिली, तर तिथून त्यानं तिला दंडाला धरून असंच घरी आणलं होतं. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. नवरा-बायकोचं भांडण म्हणे, आपण कशाला मधी पडा. यंदा पोलिसांनी समज दिली म्हणून कुठं तो कोर्टापर्यंत आला होता. आज कागद झाला नाही तर तो पुन्हा यायचा नाही, आणि तिला उंबऱ्याबाहेर पडू द्यायचा नाही.

वकील घड्याळ बघायला लागले. पंकजानं शेडभर नजर फिरवली, तशी लोकं खाली बघू लागली. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट मघापासून नुसता बसून होता, तो बिचारा एकदम कामात बुडाला. कुणीतरी करा हो सही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"मी देते अंगठा."

बाकड्याच्या टोकाला हनुमंताची आई बसली होती, गयाबाई. तिला आणलं होतं ते सुनेकडून मंगळसूत्र परत घ्यायला. ते तिनं मघाशी पदराच्या गाठीला बांधलं होतं. आता ती उठून टेबलाशी आली आणि चंचीतून आधार कार्ड काढू लागली.

"आई, काय करती कळतंय का तुला?" हनुमंत म्हणाला.

"मावशी, ही सही मुलीच्या बाजूची आहे," वकिलांनीही सांगितलं.

"व्हय. तिच्याच बाजूची देते."

तिनं अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. ठसा नीट उमटला. वकिलांनी शिक्का मारला आणि एक प्रत पंकजाच्या हातात दिली. सासूच्या पाया पडावं म्हणून ती वाकणार, तेवढ्यात तिचं लक्ष हनुमंताकडं गेलं.

तो चिडला नव्हता. आईच्या खांद्यावरून घसरलेला पदर त्यानं हलक्या हातानं सारखा केला.

"चल आई," तो मऊ आवाजात म्हणाला. "घरी जाऊ आपण." आणि जीप काढायला गेला.

पंकजा सासूजवळ सरकली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. "आत्या," ती कशीबशी म्हणाली, "तुमी माझ्यासंगं केडगावला चला."

गयाबाईनं ते ऐकलंच नाही बहुतेक. ती टेबलावर वाकली होती आणि शाईचा अंगठा कागदाच्या मधल्या ओळींवरून फिरवत होती. वाचता तर येत नव्हतं.

"साहेब, मघाशी तुमी वाचलं ना, यापुढं हिला मारहाण करनार न्हाई म्हणून," ती हळूच म्हणाली. "तिथं हिच्या नावाम्होरं माझं बी नाव घालता येतं का?"

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.