शनीची म्हैस

म्हशीचं दावं पंचफुला काही केल्या सोडेना. शेवटी ते मुठीत धरूनच ती वेधशाळेच्या ओट्यावर चढली.

"पंचफुले, आधी डोळ्यानं शनी पाह्य," उकंडराव पाटील म्हणाले. "मंग दे म्हैस."

दुर्बिणीपाशी बसलेल्या नानाजी मास्तराला शिसारी आली. पाटलांनी गोऱ्या साहेबाच्या लिलावातून ही पितळी दुर्बीण आणली, मालेगावबाहेरच्या टेकाडावर ओटा आणि खोली बांधली, तेव्हा मास्तर केवढा हरखला होता! बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला कोणीही यावं, फुकट आकाश पाहावं. आता खोलीत शनीला वाहिलेले उडीद, तीळ, काळी घोंगडी. सगळीकडे खवट तेलाचा वास. आणि सगळं दान जायचं पाटलाच्याच कोठीत. मास्तर नाक मुरडी, पण तोंड उघडत नसे. उघडलं तर दुर्बीण हातची जाणार. तो आपला येणाऱ्यांची वही लिही: नाव, गाव, घर कुठे, कोणी दुःख सांगितलं तर तेही, मोत्यासारख्या अक्षरात. दर सोमवारी पाटील ती वही मागवून घेत. कशाला, ते मास्तरानं कधी विचारलं नाही. पंचफुला पंधरवड्यापूर्वी चंद्र पाहायला आली होती, त्याच्यापाशी घटकाभर रडली होती. तेही त्यानं लिहिलं होतं.

"नवरा गेला, विहीर आटली, लेक दोन पोरं घेऊन परत आली," पाटील बोटांवर मोजत म्हणाले. "शनी तुह्या घरात बसला हाय. काळी म्हैस देल्ल्याबिगर हटत नाई तो."

त्या दोन पोरांचं दूध याच म्हशीचं होतं. पंचफुलेनं डोळे पुसले आणि दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ ती हलली नाही.

"हाच का शनी, मास्तर?"

"हाच."

"मोहरीयेवढा तं हाय. अन् कवाचा आपला एका जागी बसून हाय." ती मागे वळली. "येवढ्या दुरून माह्या खोपटाचा पत्ता याले कोनं देल्ला?"

पाटील खाकरले. मास्तरानं मांडीवरची वही पाहिली. त्याला स्वतःचीच किळस आली.

"म्हैस घरी ने, बाई," तो म्हणाला. "पत्ता म्या देल्ला."